चौसष्टावा दिवा

१

सोमवारी संग्रहालय बंद असतं, म्हणजे लोकांसाठी बंद असतं. बत्तीकाकाचा खरा कामाचा दिवस तोच. बाकीचे सहा दिवस तो स्टुलावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची टिंगल करायचा आणि त्याचा पगार घ्यायचा. सातवीपर्यंत शिकलेला हा माणूस अठ्ठावीस वर्षं त्या इमारतीतले दिवे सांभाळत होता, आणि तेवढ्यात त्याने तिथल्या एकूण एक माणसाला निदान दोनदा तरी उल्लू बनवलं होतं. पहारेकऱ्याच्या खुर्चीखाली घंटीचं बटण बसवलं. कवटीच्या डोळ्यांत लाल बल्ब लावले, ते नेमके मोठे पाहुणे वाकून बघत असताना पेटले. घरी बायकोच्या साखरेच्या डब्यात मीठ भरायचा प्रयोग तर त्याने लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात केला होता, आणि तिने तो चहा अगदी शांतपणे त्यालाच पाजला होता. तेव्हापासून ती त्याच्या कुठल्याच गोष्टीवर विश्वास ठेवत नसे. वेळ विचारली तरी घड्याळ स्वतः बघायची.

दुसऱ्या मजल्यावरचा नकाशा ही त्याची लाडकी वस्तू. खिडकी नसलेलं अंधारं दालन, आणि एका भिंतीभर प्लायवूडवर रंगवलेलं अख्खं जग. त्यात वाटाण्याएवढे बल्ब, एक विझला की दुसरा लागणारे. पहिला आफ्रिकेत. मग वर, मग किनाऱ्याकिनाऱ्याने पूर्वेकडे, पाणी ओलांडून ऑस्ट्रेलिया, बर्फातून अमेरिका, खाली खाली पार टोकापर्यंत. आणि सगळ्यात शेवटी प्रशांत महासागरातली बेटं, तीळ सांडल्यासारखी. माणूस जसजसा जिथे पोचला आणि राहिला, तसतसा दिवा. हजारो वर्षांची पायपीट एक मिनिट चार सेकंदांत.

नकाशाच्या मागे हातभर रुंदीचा बोळ होता. तिथे मोटारीवर फिरणारा पितळी पट्ट्यांचा ढोल. ढोल एक घर सरकला की टक्, आणि पुढचा दिवा. थांबवला की मोटार अडून बसायची, म्हणून तो कधी थांबवतच नसत. ढोलाला घरं होती चौसष्ट, पण विद्वानांनी ठिकाणं दिली त्रेसष्ट. त्यामुळे प्रत्येक फेरीत एक सेकंद सगळं जग काळोखात जायचं. हे काही बत्तीकाकाला बघवेना. अकरा वर्षांपूर्वी एका सोमवारी त्याने गिरमिट घेतलं, महासागराच्या भर निळ्यात, जिथे माशी बसल्याएवढीही जमीन नाही अशा जागी भोक पाडलं, आणि चौसष्टावा दिवा लावून टाकला. बघू म्हणाला, कोण ओळखतो.

अकरा वर्षांत कुणी ओळखलं नाही.

मग एका सोमवारी तो नेहमीसारखा होल्डर पुसत शेवटच्या होल्डरपाशी आला आणि फडकं ओलं झालं. बासष्ट कोरडा, त्रेसष्ट कोरडा. चौसष्टाव्याच्या पितळेवर हिरवा गंज, आणि भोकाच्या कडेने पांढरी बारीक भुकटी. त्याने बोट लावलं आणि सवयीने जिभेवर नेलं.

खारट.

२

त्याला आनंदच झाला. अठ्ठावीस वर्षांत कुणीतरी उलट खोडी काढली एकदाची. संशय अर्थातच गाईडवर.

गाईड एके काळी नाटकात काम करायचा, असं तो सांगायचा. बत्तीकाका त्याला तोंडावर पोपट म्हणायचा. अकरा वर्षांपूर्वी पाहुण्यांसमोर तो जास्तीचा दिवा अचानक पेटला, तेव्हा या पोपटाची वाचा क्षणभर बसली होती. पण नट तो नट. त्याने घसा साफ केला, हात पसरला आणि म्हणाला, “आणि मंडळी, हा शेवटचा दिवा. इथे काहीही दिसत नव्हतं. तरीही माणूस निघाला.” एका आजीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मागच्या बोळात बत्तीकाका स्वतःची बाही दातांत धरून हसत उभा होता. तेव्हापासून ते वाक्य रोज सहा वेळा व्हायचं आणि रोज कुणाचे तरी डोळे पाणवायचे.

तर पोपटाला रंगेहाथ पकडायचं म्हणून त्याने बोळाच्या जमिनीवर टाल्कम पावडर पसरली, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या करगोट्याला बांधली. छतातून गळती आहे का तेही बघून ठेवलं. छत खडखडीत. भिंतीत पाण्याचा नळ नाही, एसी दालनाच्या दुसऱ्या टोकाला. झालं, सगळ्या शक्यता बंद केल्या. आता खोडी काढणारा एकतर पोपट असेल नाहीतर पोपट.

पुढच्या सोमवारी त्याने कुलूप काढलं. पावडर जशीच्या तशी, तिच्यावर पाऊल नाही. होल्डरमधून टप टप पाणी, आणि भोकात काहीतरी अडकलेलं.

पकडीने ओढलं तर निघाली दोरी. बोटभर तुकडा, कसल्याशा झाडाच्या धाग्यांचा, पीळ इतका घट्ट की नख रुतेना. मधोमध गाठ. बत्तीकाकाने आयुष्यभर वायरी बांधल्या, गाठींच्या बाबतीत तो कुणाच्या बापाला ऐकणारा नव्हता. ती गाठ सोडवायला त्याला पाऊण तास लागला. परत बांधायला गेला तर जमेना. पाच वेळा करून बघितलं. खिळा नाही, गोंद नाही, नुसत्या धाग्याला धागा धरून बसलेली ती गाठ होती. कुणाच्या तरी हाताला ती झोपेतसुद्धा येत असणार.

हे पोपटाचं काम नव्हे. पोपटाला बुटाची नाडी धड बांधता येत नाही.

तो भोकाशी कान नेऊन उभा राहिला. ढोल फिरत होता. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. टक्. दिवा लागला, आणि त्या एका सेकंदात भोकातून आवाज आला: खूपशी वल्ही एकदम पाण्यात बुडाली, आणि एका बाईने ताल दिला. मग टक्, आणि नुसतं प्लायवूड.

तो पुढच्या फेरीला थांबला. त्याच्यापुढच्याही. दर वेळी एक बुडी, एक हाळी. आणि एकदा कुत्र्याचं भुंकणं, अर्धंच.

३

बाई म्हणजे संग्रहालयाच्या मुख्य. चार वर्षांपूर्वी आलेल्या, हुशार, चष्मा डोक्यावर ठेवून तोच शोधणाऱ्या. त्यांनी दुपारी त्याला बोलावून सांगितलं की नकाशा शुक्रवारी निघणार. तिथे मोठा पडदा बसणार, त्यात सगळं हलतं दिसणार. शुक्रवारी दहाला सुतार येतील, तेव्हा ढोल बंद करून ठेवा. चौसष्टावा दिवा कुठल्या बेटाचा, असं त्यांनी त्याला एकदा विचारलं होतं. फार छोटं आहे बाई, नकाशात मावत नाही, असं तो म्हणाला होता आणि त्यांना ते पटलं होतं.

एरवी त्याने पडद्यावर दोन टोमणे मारले असते. आज तो खुर्चीच्या टोकावर बसून राहिला आणि भलतंच विचारू लागला. ही बेटांवरची माणसं पुढे जमीन आहे की नाही हे ठाऊक नसताना निघायचीच कशी?

बाईंना आजवर कुणी इतकं मनापासून विचारलं नव्हतं. त्या अर्धा तास बोलल्या. दोन लांब होड्या शेजारी शेजारी ठेवून दोरीने जखडायच्या, वर फळ्यांचा माच. त्यात बायका, पोरं, कुत्री, कोंबड्या, ओल्या पानांत गुंडाळलेली रोपं. म्हणजे काय, तर नुसती सफर नव्हे, सगळा संसारच. होडीच्या तळाशी आडवं पडून पाठीला लाट कुठून लागते ते ओळखायचं. संध्याकाळी पाखरं कुठल्या दिशेला वळतात ते बघायचं. ढग एकाच जागी अडून बसला की त्याच्याखाली बेट. आणि ही वेडी माणसं नव्हती. बहुतेक वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने निघायची, म्हणजे काही सापडलं नाही तर परतताना वारा पाठीशी. पाणी अर्धं संपलं की माघारी. अशी हजारो मैलांवरची बेटं त्यांनी गाठली, हातात साधा लोखंडाचा तुकडा नसताना.

“आंधळी उडी नव्हती काका,” बाई म्हणाल्या. “त्यांच्याइतकी डोळस माणसं मला आज दाखवा.”

“आणि समजा, समोर दिवा दिसला?”

“दिवा?”

“लुकलुकणारा. दिसतोय, जातोय, पुन्हा दिसतोय.”

“मग प्रश्नच मिटला. उजेड म्हणजे चूल, चूल म्हणजे माणसं, माणसं म्हणजे जमीन. मग परतीचं पाणी कशाला राखून ठेवतील? पोरांना पाजून टाकतील.”

बत्तीकाका उठला. दारात त्याचा पाय उंबऱ्याला लागला, आणि त्याने शिवीसुद्धा दिली नाही.

४

तो बोळात गेला आणि स्वतःशी वाद घालत बसला. सगळं बरोबर धरलं तरी ते लोक कधीचे मेले. शेकडो वर्षं झाली. प्लायवूड अठरा मिलिमीटर जाड, पलीकडे दालन, दालनात झाडूवाली. पाणी म्हणजे दमट हवा. आवाज म्हणजे मोटारीचा बेअरिंग गेला. कुत्रं म्हणजे खालच्या रस्त्यावरचं. आणि दोरी? तिथे येऊन त्याची अक्कल दर वेळी बसकण मारायची.

मग त्याने सरळ वायरमनसारखा विचार केला. शंका आली की बल्ब काढून बघायचा.

त्याने चौसष्टावा बल्ब फिरवून काढला आणि कान लावला. त्रेसष्ट. टक्. दिवा नाही, पण आवाज आला. वल्ही निम्म्यात थांबली होती. पाणी नुसतं होडीला लागत होतं. पुढच्या फेरीला बरीच माणसं एकदम हलक्या आवाजात बोलत होती. त्याच्या पुढच्या फेरीला एका लहान मुलाने काहीतरी विचारलं. भाषा कुठली कोण जाणे, पण मूल काय विचारतंय ते कळायला भाषा लागत नाही.

त्याने घाईघाईने बल्ब परत बसवला. टक्. एकच मोठी आरोळी, आणि वल्ही.

तो तसाच बाईंकडे धावला. सगळं सांगितलं, अकरा वर्षांपूर्वीच्या भोकासकट. बाई ऐकत राहिल्या, मग त्यांचा चेहरा फुलत गेला आणि त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. जाता जाता हा तुमचा सगळ्यात भारी, म्हणाल्या. तो म्हणाला, बाई, एकदा येऊन कान लावा फक्त. झालं, तिथेच घोडं अडलं. कारण दोन वर्षांपूर्वी त्याने याच बाईंना एका प्राचीन रांजणाला कान लावायला सांगितलं होतं, आणि आत ट्रकचा हॉर्न बसवला होता.

घरी फोन केला. दोनतीन दिवस यायला जमणार नाही, समुद्रात माणसं अडकली आहेत. बायको म्हणाली, येताना दूध आणा.

५

दिवा विझवता येत नव्हता, आणि जिथे होता तिथे जमीन नव्हती. मग उरलं काय? दिवा हलवायचा.

नकाशावरचं सगळ्यात जवळचं रंगवलेलं बेट होतं वीतभर आणि चार बोटं दूर. मंगळवारी सकाळी त्याने त्या बेटाच्या दिशेने एक बोट सरकून नवं भोक पाडलं आणि बल्ब तिथे नेला. पाच तासांनी नव्या होल्डरवर पाणी जमलं. वल्ही त्या भोकातून ऐकू यायला लागली. येत होती, त्याच्या मागून येत होती. मग आणखी एक बोट. उगाच मोठी उडी घेतली आणि दिवा नजरेआड झाला तर?

प्रत्येक भोक पाडायच्या आधी तो म्हणायचा, चला. कुणाला म्हणायचा ते त्याला विचारायची सोय नव्हती.

पोपटाने त्याला बुधवारी धरलं. पाहुण्यांसमोर शेवटचा दिवा भलत्याच जागी लागला, म्हणून तो तणतणत मागे आला आणि बघतो तर बत्ती पुठ्ठ्यावर बसलेला, दाढी वाढलेली, बाह्या मिठाने पांढऱ्या. त्याने आधी शिव्या घातल्या. बत्ती काही बोलला नाही, नुसता बाजूला सरकला. बत्ती काही बोलत नाही म्हटल्यावर मात्र पोपट घाबरला. त्याने कान लावला.

एक फेरी. दोन. तिसऱ्या फेरीला त्याने कान काढला, सदऱ्याची गुंडी लावली, केस नीट केले.

“अकरा वर्षं मी यांच्याबद्दल बोलतोय,” तो म्हणाला, “आणि मला वाटायचं, वाक्य माझं आहे.”

त्यानंतर दोघं पाळीपाळीने बसले. एक झोपायचा, दुसरा ऐकायचा. ताल देणाऱ्या बाईचा आवाज बसला होता, पण चुकत नव्हता. ढोल चुकेल, ती चुकणार नाही, असं बत्ती म्हणाला, आणि यंत्रापेक्षा माणूस बरा असं त्याने आयुष्यात पहिल्यांदाच कबूल केलं. बुडणारी वल्ही मात्र कमी होत चालली होती. गुरुवारपासून कुत्रं भुंकेना.

६

सुतार दहाला येणार होते, ते आठलाच आले. सरकारी काम कधी वेळेआधी होत नाही, पण झालं तर नेमकं असंच होतं. नकाशाचे चार तुकडे करायचे ठरले होते. चौदा भोकं झाली होती. बेट अजून दोन बोटं दूर.

पोपटाने त्यांना चहा पाजतो म्हणून अडवलं. बत्तीकाकाने पंधरावं भोक घाईत पाडलं, गिरमिट ओढून घेतलं, आणि बल्ब लावायच्या आधी, आजवर एकदाही केलं नव्हतं ते केलं. कानाऐवजी डोळा लावला. दुसऱ्या हाताने बल्ब भोकाच्या कडेला धरून ठेवला.

टक्.

समोर दालन असायला हवं होतं. लाकडी कठडा, ‘हात लावू नये’ची पाटी. त्याऐवजी राखाडी पाणी, जिथवर नजर जाईल तिथवर, आणि पाण्याबरोबर खालीवर होणारं एक लांबट, बुटकं काहीतरी. पुढच्या टोकावर कुणीतरी उभं. हात कपाळाशी धरलेला. डोळ्यांवर उजेड येतो तेव्हा आपण धरतो, तसा.

टक्. काळं प्लायवूड.

तेवढ्यात खाली कुणीतरी मुख्य बटण दाबलं आणि ढोल अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा थांबला.

बत्तीकाकाने पुढे काय केलं ते सुतारांनी नंतर सगळ्यांना सांगितलं, आणि सगळ्यांना ती खोडीच वाटली. त्याने पकडीने वायर तोडली, बल्ब होल्डरसकट उपटला, टॉर्चमधले सेल काढून वायरीला चिकटवले, आणि मोठ्याने आकडे मोजत जिना उतरला. रस्त्यावर लख्ख ऊन. त्या उन्हात हा म्हातारा वाटाण्याएवढा बल्ब हात उंच करून धरलेला, साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट म्हणत चाललेला, आणि चौसष्टला दिवा लावून लगेच विझवणारा. बसवाल्याने हॉर्न दिला. शाळेतली पोरं मागे लागली आणि त्याच्याबरोबर मोजायला लागली. त्याने एकाचीही टिंगल केली नाही. आकडा चुकला असता.

७

तो राहायचा तिसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघराची खिडकी समोरच्या इमारतीच्या बिनखिडक्यांच्या भिंतीकडे उघडायची. मधे सहा हातांची फट आणि खाली कचरा. त्याने बल्ब खिडकीच्या गजाला बांधला आणि स्टुलावर बसला.

“पाणी भर,” तो बायकोला म्हणाला. “असतील नसतील तेवढी भांडी भर. छत्तीस, सदतीस.”

“दूध आणलंत?”

“माणसं यायची आहेत. एकोणचाळीस. मीच बोलावलंय. चाळीस.”

आता काय नवीन, असं म्हणत ती पुढे आली. गंमत कुठे दडवली आहे ते शोधायला तिने त्याला नीट न्याहाळलं. ओठ फाटलेले, डोळे तांबारलेले. मग तिला त्याची बाही दिसली. तिने नखाने त्यावरची पांढरी भुकटी खरवडली आणि जिभेला लावली. चाळीस वर्षं ती या माणसाच्या मिठाला ओळखून होती. हे ते मीठ नव्हतं.

तिने हंडा घेतला आणि नळाखाली लावला.

दुपारी पोपट आला. बत्तीचा घसा गेला होता, मग मोजणं त्याने घेतलं, आपल्या कमावलेल्या आवाजात. बत्ती फक्त वायर चिकटवायचा. ओट्यावर भांडी, जमिनीवर भांडी, वाट्यासुद्धा भरलेल्या. मधेच बायकोने त्या दिव्याकडे बघितलं आणि म्हणाली की इतक्याशा उजेडावर कोण येतं. मग स्वतःच म्हणाली, येतात बाई, काय सांगावं.

दिवेलागणीला आकड्यांच्या मधेही आवाज यायला लागला. आधी चौसष्टलाच यायचा. आता तिसाला, बाराला, कधीही. एकेकटं वल्हं. ताल देणाऱ्या बाईचा आवाज नव्हता, नुसत्या टाळ्यांचा ताल होता. खालून कचऱ्याचा वास यायचा तिथून भरतीचा वास आला. पोपट मोजत राहिला, त्याचा सूर वर चढत गेला. बत्तीने डोळे बंद केले होते. त्याला बघायचा धीर नव्हता. आयुष्यभर सगळ्यांचे चेहरे खोडीनंतर बघायला थांबणारा हा माणूस, आणि आता मान वर होईना.

मग खरखर. लाकूड दगडावर घासल्याची, लांब, सावकाश. तिसऱ्या मजल्याच्या भिंतीवर.

पोपट थांबला.

बत्तीने डोळे किलकिले केले. बल्ब लागलेलाच राहिला होता. त्याची बोटं वायरीवरून हलायला तयार नव्हती. आणि त्या बल्बाभोवती बाहेरून कुणीतरी हाताचा आडोसा केला. वाऱ्यात ज्योत जपतात तसा. उजेड त्या बोटांमधून लाल होऊन आत आला.

बायकोने हंडा उचलला, दोन्ही हातांनी, गजांमधून जाईना म्हणून तिरपा केला, मग तो ठेवून तांब्या घेतला आणि कोपरापर्यंत हात बाहेर घातला. तांब्या जड होता. मग हलका झाला. तिने तो आत घेतला, भरला, पुन्हा बाहेर दिला. पुन्हा. ती काय बघत होती ते तिच्या पाठीवरून कळत नव्हतं.

“अहो,” ती मागे न वळता म्हणाली, “बसून काय राहिलात? वाट्या द्या इकडे. मागे पोरं आहेत.”